मालतीची सुनीते साळूबाईच्या स्वाधीन

लिहून ठेवणार: कुंडलिक रामजी रेणुसे, बी. ए., वय वर्षे चौपन्न, मूळचा वेल्ह्याकडील, हल्ली राहणार भोर, धंदा शिक्षकी, प्रकृतीमुळे नुकताच सोडलेला.

डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांविषयी आपले मत दिले आहे. शिमग्यापर्यंत मी असेन असे त्यांना वाटत नाही. माझ्या बुद्धीविषयी त्यांना कोणी विचारलेले नाही व तो त्यांचा अधिकारही नव्हे; म्हणून तिच्याविषयी मीच लिहून देतो की ती शाबूत आहे. कोणाच्या दडपणाने, भिडेने अगर नशेत मी हे लिहीत नाही. मसुदा वकिलाकडून घेतलेला नाही. कचेरीत चालणारे दोन मसुदे मी वाचून पाहिले. ज्या वाक्यात तीन कर्ते आहेत आणि क्रियापद एकही नाही, अशा वाक्यात मरण्याची माझी तयारी नाही.

कलम १. वेल्ह्याकडील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा थोरल्या भावाची विधवा रतनबाई हिला द्यावा. ती ती जमीन कसते. मी तेथे फक्त कागदावर आहे.

कलम २. भोर येथील राहते दोन खणांचे घर, भांडी व परसातील शेवग्यासह, माझी पत्नी साळूबाई हिचे आहे. 'तिला ठेवतो' असे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. तीस वर्षे ते तिने सारवले. पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्यास तीच चढे व मी खाली उभा राहून शिडी धरी. हल्ली ती या घरात राहत नाही. चैत्रापासून ती भोंगवलीस आपला भाऊ गेनबा याच्या घरी आहे. मृत्युपत्र लिहिण्याचे खरे कारण ते आहे. ती माझ्या हयातीत परत यावी, एवढीच माझी मागणी आहे, आणि मृत्युपत्रात हयातीतील मागणी लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

कलम ३. पुण्याच्या कॉलेजात मी संस्कृत विषय घेतला तेव्हा ज्या प्राध्यापकांनी भर वर्गात, 'रेणुसे, तुमच्याकडच्या मुलांनी शेतकीचा अभ्यासक्रम घ्यावा,' असे सुचविले, त्यांना मी माझा पहिला वर्ग ठेवतो. ते वारले आहेत. त्यांच्या वारसांनी मागितल्यास प्रमाणपत्र दाखवावे. हातात देऊ नये.

कलम ४. उतरते मेज, दौत, शब्दकोश आणि छंदःशास्त्रावरील सर्व पुस्तके माझा जुना विद्यार्थी मानसिंग शिळीमकर याला द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. मानसिंगाने वृत्त सोडले आहे. तो लांबआखूड ओळी लिहितो आणि पुण्याची मासिके त्या छापतात. मालतीस उद्देशून लिहिलेली माझी प्रेमसुनीते ज्या मासिकाने तीनदा परत केली, त्याच मासिकात त्याची गिरणीच्या भोंग्यावरील कविता आली. त्याने मला तोंडावर सांगितले, "सर, मालती आता रेशनच्या रांगेत उभी आहे. तिच्या हातात कमळ नाही, रॉकेलचा डबा आहे." तो हसला. मी हसलो नाही.

त्याला तेव्हा दिलेले उत्तर येथे नमूद करतो. ज्यांच्या घरी वृत्ते पाळण्यात ऐकू आली, त्यांनी ती खुशाल मोडावीत. बापाने बांधलेली भिंत पाडण्यास मुलगा मुखत्यार असतो. माझ्या घरी नांगर होता. मला एकेक गण कमवावा लागला. कमावलेली वस्तू फॅशन बदलली म्हणून उकिरड्यावर टाकण्याची ऐपत माझ्यापाशी नाही. मात्र भोर संस्थानात शार्दूलविक्रीडित यतिस्थानी न अडखळता म्हणणारा माझ्यामागे एकटा मानसिंग उरतो. म्हणून राग कायम ठेवून पुस्तके त्याला देत आहे.

कलम ५. आता सुनीते. ती शंभराहून अधिक आहेत, सर्व प्रेमविषयक, सर्व शार्दूलविक्रीडितात, सर्व 'मालती'स उद्देशून. युद्धामुळे कागद मिळत नाही हे प्रकाशकांचे कारण मी मानीत नाही; कादंबऱ्यांना कागद मिळतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या समारंभात मी त्यांतील पाच म्हटली. शेजारचे अय्युब पुस्तकबांधणीचे काम करतात. त्यांच्या पत्नी बद्रुन्निसा यांनी आग्रहाने साळूबाईला नेऊन बायकांच्या बाजूस बसविले होते. आमच्या लग्नास छत्तीस वर्षे झाली, पण माझी कविता तिने त्या दिवशी प्रथम ऐकली. निर्दोष झाल्यावाचून सुनीत मी भिंतीलाही ऐकवीत नसे, आणि निर्दोष झालेले ऐकण्यास ती मोकळी नसे.

तिने ऐकले ते असे: मालती गौरांगी आहे, तिचे मुख कमळासारखे आहे, तिच्या गालावर चांदणे घसरते. साळूबाई काळी आहे. मी पुण्यास शिकत असता तिला देवी आल्या आणि चेहरा व्रणांनी भरला. समारंभ संपल्यावर बायकांनी तिलाच विचारले की मालतीबाई कुठल्या गावच्या. घरी येऊन तिने मला जेवायला वाढले आणि म्हणाली, "बाई ग्वारीपान हाय म्हना की." मी एका यमकाच्या विचारात होतो. ती कोणाच्या नव्या सुनेविषयी बोलते असे समजून मी "होय, चांगली गोरी आहे," असे म्हणालो. सकाळी ती भोंगवलीस गेली. तिने भांडण केले नाही. पिठाचा डबा भरून ठेवला होता.

कलम ६. ज्येष्ठात मी तिला आणावयास गेलो. हमरस्त्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे पायी, खोकत. ती अंगणात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडीत होती. गेनबाने पाणी दिले, घोंगडी टाकली आणि म्हणाला, "दाजी, त्या मालतीचं गाव तेवढं सांगा. म्या गाडी जुपतो आन् तिला तिच्या बापाकडं पोचवून येतो. मिटलं."

मी सांगितले की मालती नावाची बाई पृथ्वीतलावर नाही. जुन्या कवींची ती रीत आहे. प्रियेला असे नाव द्यावयाचे असते. मालती म्हणजे साळूबाईच.

"मग माजं नाव का न्हाई घातलं?" तिने विचारले.

प्रश्न शास्त्रीय होता, म्हणून मी शास्त्रीय उत्तर दिले. तिच्या नावात चारी अक्षरे गुरू आहेत, आणि शार्दूलविक्रीडितात चार गुरू लागोपाठ कोठेच येत नाहीत. मी धुळीत बोटाने लघुगुरूच्या खुणा काढून तिला ते सिद्ध करून दाखविले. सिद्धता बिनचूक होती. गेनबा गोठ्याकडे निघून गेला.

"आन् तोंड?" ती म्हणाली. "त्ये बी बसंना व्हय?"

मी तिला समजावले की कमलमुख ही चेहऱ्याची नोंद नव्हे, तो मान आहे. पत्राच्या मायन्यात आपण ज्याला त्याला राजमान्य राजेश्री लिहितो. त्यांतील कोणाला राजाने मान्य केले आहे? मायन्यात खोटे काही नसते, तो आदर असतो.

शेंगा फोडणे न थांबविता ती म्हणाली, "मायना झाला वाचून. म्होरं पत्र काय हाय, त्ये वाचा."

मी उठलो आणि परत आलो. तेव्हापासून गेनबाच्या गाडीतून तांदूळ येतात, नाचणी येते. निरोप येत नाही. अय्युब जेवण आणून देतात आणि माझ्याकडे न पाहता बसतात. मालतीस उद्देशून एकही ओळ मला त्यानंतर लिहिता आलेली नाही. रात्रंदिवस मी ती शंभरावर सुनीते तपासतो. त्यांत वृत्तदोष नाही, यतिभंग नाही, ओढूनताणून आणलेले यमक नाही. दोष कोठेच सापडत नाही, आणि ज्या बाईसाठी ती लिहिली ती भोंगवलीस बसली आहे. हा हिशेब मला सुटत नाही.

म्हणून सर्व सुनीते साळूबाईच्या स्वाधीन करतो. ती तिने ठेवावीत, जाळावीत, अगर पाणी तापविण्यास वापरावीत. तिच्या परवानगीवाचून मानसिंगाने अगर कोणीही एक ओळ छापू नये. कोणी म्हणेल की निरक्षर बाईच्या हाती हे देणे वेडेपणाचे आहे, त्याने या कागदाचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा.

कलम ७. स्मशानात कोणी कविता म्हणू नये. भाषणही करू नये; भोरात भाषण करणाऱ्याला बसविणे कठीण असते.

कलम ८. सुनीत शार्दूलविक्रीडितातच लिहावे, हा नियम मी विद्यार्थ्यांकडून तीस वर्षे पाळून घेतला. तो मी मोडला आहे. मंदाक्रान्तेची पहिली चार अक्षरे गुरू असतात आणि त्यांच्यानंतर थांबावयाचे असते. त्या वृत्तात एक सुनीत मी लिहावयास घेतले आहे. त्याचा आरंभ असा:

साळूबाई, तव वदन हे देविने नांगरीले
त्या शेताला फिरुनि फिरुनी पाहतो मी भुकेला
माझे सारे अवघड जिणे तूच ना सावरीले
ओठांनी या तरि न कधिही नामउच्चार केला

जुन्या शास्त्रकारांना यातील पहिली ओळ ग्राम्य वाटेल. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

मानसिंगाने उद्या भोंगवलीस जावे व हे तिला म्हणून दाखवावे. सुरावर म्हणावे, पण आळवू नये. तिच्या नावापाशी पुरते थांबावे; तेथे घाई केल्यास सर्व फुकट जाईल. माझे दुखणे तिला कळू देऊ नये असे मी सर्वांना बजावले होते, कारण दयेने आलेली पत्नी मला नको होती. ती मनाई आजपासून उठवितो. तिने विचारल्यास खरे सांगावे. न विचारल्यासही सांगावे. दयेने आली तरी यावे.

सुनीताच्या ओळी चौदा असतात. माझ्या आठ झाल्या आहेत. अपुरे सुनीत मी आजवर या घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिलेले नाही. हे जात आहे. नवव्या ओळीपासून तिच्या हनुवटीवरील गोंदण यावयाचे आहे, आणि त्याचे ठिपके कसे मांडलेले आहेत, हे छत्तीस वर्षांनंतर मला आठवत नाही. मानसिंग म्हणाला, "सर, मी बघून येतो, सांगतो." मी त्याला नको म्हटले आहे. ते मला बघावयाचे आहेत.

येणेप्रमाणे लिहिले, पुन्हा वाचले, दोन ठिकाणी खोडले; खोडलेल्या जागी माझी सही आहे.

कुंडलिक रामजी रेणुसे
सही, दस्तुरखुद्द

लिहून ठेवणाराने आमच्यासमक्ष, बसण्यास उशीचा आधार घेऊन, पण हात न धरू देता सही केली, त्याचे साक्षीदार:

१. मानसिंग बाबाजी शिळीमकर, राहणार भोर
२. अय्युब इब्राहीम, पुस्तकबांधणी, राहणार भोर

मुक्काम भोर, मंगळवार, ता. ११ डिसेंबर १९४५, मार्गशीर्ष शके १८६७