भाताची खरवड

रादामेस,

डॉक्टरांचा फोन येऊन गेला. तुझ्या छातीत काहीही नाही, नुसता गॅस आहे. मी तुझ्या आईला सांगून येते, फोनवर तिला धड ऐकू येत नाही.

आता ऐक. ओला टॉवेल परत पलंगावर टाकलास तर बघ. डोमिनोच्या डावात हरून आलास की दारं आपटायची नाहीत.

आणि ज्या कुरकुरीत खरवडीच्या वाट्यावरून आपण लग्न झाल्यापासून भांडतोय, ती परवा मी सगळीच्या सगळी तुला वाढली, तेव्हा तू घाबरून विचारलंस, "नुर्का, मी मरतोय का गं?" मी पाणी आणायचं निमित्त करून उठले.

आज उत्तर देते. आजची खरवड मी एकटीनं खाल्ली, उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. तुझ्यासाठी वरचा मऊ भात झाकून ठेवलाय.

पातेलं तेवढं घासून ठेव.

नुर्का