कुरडईची वेबसाइट

३ मार्च, सोमवार
आजपासून वेबसाइट बनवणं शिकून राह्यली. शाळा चौथीपर्यंत, पण चौथीत पहिला नंबर. नातसून गुंजन सिंदीतल्या दुकानदारांच्या साइटी बनवते. तिले जमते म्हणजे अवघड नसनच. नागपूरच्या हिरालाल शेटले लग्नसराईसाठी दोन क्विंटल कुरड्या पाहिजेत. म्हणे, आजी, साइट पाठवा, पाहून ऑर्डर पक्की करतो. मी म्हटलं, आठ दिवसांत करते. चार पुरतीन.

५ मार्च
गुंजन म्हणते, आजी, पहिले मोबाईलचं करा, मंग मोठ्या स्क्रीनचं. मोबाईलवर सगळं एकाखाली एक येते, म्हणून कामाचं वर ठेवा. मी म्हटलं, पोरी, आधी घर बांधतेत का आधी भिंतीतली देवळी? हिच्या हातून एक कुरडई न मोडता ताटात पडत नाई, आन मले शिकवते.

८ मार्च
साइट तिसऱ्यांदा बिघडली. एक कंस राह्यला म्हणे. एवढ्याशा कंसासाठी रुसून बसते! कंप्युटरच हलका आहे.

११ मार्च
जमलं! मोठ्या स्क्रीनवर काय रुबाब! डावीकडे माझा फोटो, बचत गटाच्या सत्कारातला, गळ्यात झेंडूचा हार. मधात घरच्या सगळ्यांची नावं, पत्रिकेत असतात तशी. सगळ्यात वर यजमानांचं नाव, त्याच्याआधी कै. लावलं, रीत आहे. उजवीकडे कुरड्या. गुंजन म्हणे, मोबाईलवर एकदा पाहून घ्या. तेवढंसं पाहायले मी रिकामी नाई. शेटले पाठवली, साऱ्या ग्रुपवरही टाकली.

१२ मार्च, दुपार
अल्लीपूरची नणंद सीताबाई रडतच आली. मले दारात पाहून किंचाळली. मी म्हटलं, काऊन वं, कोण गेलं? म्हणे, वहिनी, तुमीच! मोबाईल दाखवला. वर मी, हार घालून. त्याच्याखाली कै., त्याच्याखाली साऱ्या घराची नावं. कुरड्या दिसायले अंगठा दुखेपर्यंत सरकवा लागते. लोकं कायले सरकवतीन? हात जोडले अन मोकळे झाले.
लोकांले वाचता येत नाई, त्याले मी काय करू?

संध्याकाळ
शेटचा फोन. धनंजयनं, माझ्या पोरानं उचलला. शेट म्हणे, फार वाईट झालं, पण सुतकाच्या घरचं खायचं कसं नेऊ? धनंजय म्हणे, आई जित्ती आहे, बाजूलेच भांडून राह्यली. शेट म्हणे, आता काय, ऑर्डर सकाळीच शोभाबाईले देली.
शोभाबाई मागच्या गल्लीतली. तिची साइट नाई. भिंतीवर गेरूनं फोन नंबर लिहिला आहे. आडाणी बाई.

१६ मार्च, रविवार
शोभाबाईले एवढ्या ऑर्डरीले हात कमी पडले. निरोप आला, साचा दाबायले येता का. धनंजय म्हणे, आई, नको जाऊ. मी म्हटलं, कामाले कोण चाललं? तिले येते का नाई ते पाहायले चालली.
पाहता पाहता नऊ खाटा भरल्या. शेटनं मोबाईलवर फोटो मागितला. मी पदर सारखा करून मधात उभी राह्यली.
शोभाबाई म्हणे, काकू, बाजूले सरका, कुरड्या दिसू द्या.
सरकली.