रांगेतली बादली

१ मार्च १९७३, गुरुवार
श्री गुरुदेव दत्त. दत्ताच्याच वारी नव्या घरात पाऊल पडलं. राजूरकडं हे सेवामंडळ चालवायचे. टंचाईत स्वतः विहिरीत उतरून बायकांच्या घागरी भरून द्यायचे. ते पाहूनच सरकारनं ह्यांना इथल्या नगरपालिकेत टंचाई अधिकारी नेमलं. अंगणात नळ आहे! तूप बेतानं घालून शिरा केला. भांडी घासायला येणारी छबूबाई म्हणाली, साहेबीणबाई, गावात देवबी पारोसे बसल्यात अन् तुमच्या अंगनात नळ, लई थाट हाय! दोघी हसलो.

८ मार्च
आमच्या गल्लीच्या टोकाच्या विहिरीचा कठडा ढासळला. रांगेत उभ्या बायका घागरींसकट खाली गेल्या, एकही वाचली नाही. कठडा हलतोय म्हणून लोक ह्यांना सांगून गेले होते. मंडळात असते तर हेच पहार घेऊन धावले असते. इथं म्हणाले, आधी इंजिनिअरचा शेरा येऊ दे. रात्री पुन्हा भात मागितला. मीही वाढला.

१० मार्च
सकाळी दार उघडलं तर नळापासून फाटकाबाहेर घागरींची रांग. माणूस एक नाही. पहिलीवर नाव कोरलेलं, बनुबाई. छबूबाई लांबूनच म्हणाली, ह्या समद्या हिरीत गेल्त्या. भांडं ठिवलं म्हंजी मानूस उभं, हात लावायचा न्हाई. ह्यांना आंघोळीची घाई. घागर पायानं सारली, आपली पितळी बादली नळाखाली लावली. छबूबाईनं तोंडाला पदर लावला. रांग मोडनाऱ्याचं भांडं शेवटाला जातं, म्हणाली.

११ मार्च
बादली घरात नाही. रांग पार विहिरीपर्यंत गेलेली. बादली शेवटी, मोडक्या कठड्यावर. हे चिडून आणायला गेले.
परत आले नाहीत.

१२ मार्च
गळ टाकून पाहिले. काही लागलं नाही. रडू येत नाही. देवाला दूधसाखर दाखवली.

१४ मार्च
बनुबाईची घागर भरून ठेवली. आरती होईतो कुणी उचलून नेली. फरशीवर ओली पावलं. रांग पुढं सरकली, ह्यांची बादलीही. छबूबाई रडत म्हणाली, भरू नगा बाई, ज्याचं भांडं त्योच न्यायला येतो. मी म्हटलं, मग तर भरायलाच हवं, हे येतील. ती काम सोडून गेली.

१७ मार्च
भरतेय. स्वयंपाक नाही. बादली फाटकाशी आली —

१८ मार्च
आता एकच घागर मध्ये. पाणी गढूळ येतं —

१९ मार्च
बादली नळाखाली. तोटी सोडली. मागं बघू नये म्हणून वही डोळ्यांसमोर धरलीय. चिखलाचा वास. भरत आली —
मागं उभे आहेत. जेवायला वाढू का विचारलं. नको म्हणाले. आवाज ह्यांचाच. म्हणतात, तुझी जागा धरून ठेवलीय, कळशी घे आणि —