उपकरणांच्या खोलीची किल्ली

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, काम नवशिक्यांना स्कूबा डायव्हिंग शिकवणे, हे मृत्युपत्र शुद्धीत, राजीखुशीने आणि नेहमीइतक्याच तिरसटपणाने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. फुप्फुसांचा मात्र दिला नाही. उलट "आता पाण्याखाली जायचं नाव काढायचं नाही" असा दम भरला, म्हणून ही लिहिण्याची वेळ आली. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा अजून जन्माला यायचा आहे. वकीलबाई म्हणतात, मालमत्तेपुरते लिहा, बाकीच्या गप्पा नकोत. पण कोणाला काय देते हे लिहायचे आणि का देते ते गिळून टाकायचे, हे मला जमणार नाही. तेव्हा गप्पा राहतील.

कलम १. राहते घर आणि बँकेतली पुंजी माझ्या पश्चात मुलगा व सून यांची, दोघांची सारखी. त्यातून आधी छपराची गळती काढावी, मग काय ती चैन करावी.

कलम २. आमच्या ह्यांची हत्यारे मुलाला. टाक्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडला की हे त्याच्याशी बोलत बसायचे आणि तो चालूही व्हायचा. माझ्याशी एवढे गोड कधी बोलले नाहीत. ह्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, तरी कॉम्प्रेसर खोकला की मी अजून "अहो, बघा जरा" म्हणते. पाना घेतला की जागच्या जागी ठेवावा. ही विनंती नाही.

कलम ३. आमच्याच तलावावर पोहणे शिकवणारे शिट्टीमास्तर. यांची शिकवण्याची रीत म्हणजे पोराला ढकलायचे आणि शिट्टी फुंकायची. यावरून आमचे आयुष्यभर वाजले. शिवाय पाण्यात खाली राहायला कमरपट्ट्यात घालायची माझी शिशाची वजने नेऊन त्यांनी आपल्या खोलीचे दार अडवायला ठेवली. मागितली की, "आणून देतो की हो बाई, पळून चाललोय का?" ती वजने आता त्यांचीच समजावीत. भांडायला दुसरे कोणी एवढे हक्काचे मिळाले नाही, हेही इथे नोंदवते.

कलम ४. मोटरबोट, खोल पाण्यात जायची माझी सगळी सामग्री आणि समुद्रातल्या सफरींचे काम मुलाला. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

कलम ५. आता मुद्द्याचे. तलावाशेजारची उपकरणांची खोली, तिच्यातले सामान, नवशिक्यांचा वर्ग आणि खोलीची किल्ली मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. बाळा, हे वाचून तुझा चेहरा पडेल. आधी पुरते वाच, मग रुसायचे तर रूस.

तू चालायच्या आधी डुंबायला शिकलास. भीती कशाशी खातात हे तुला ठाऊक नाही, आणि नवशिक्याचे सामान निवडायचे तर नेमके तेच ठाऊक असावे लागते. मागच्या खेपेला खरेदी तुझ्यावर सोपवली होती. तू काळ्या कडेचे मास्क आणलेस, उत्तमातले उत्तम. मला स्वतःला काळेच आवडतात, बाजूचा उजेड डोळ्यांवर येत नाही. पण वर्गातली माणसे एकामागून एक वर येऊ लागली. बँकेतल्या एका साहेबांनी तर मास्क ओढून काढला आणि काठाला मिठी मारली. तू म्हणालास, "आई, या खेपेची माणसंच घाबरट आहेत गं." सून दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिने एक मास्क डोळ्यांना लावून पाहिला आणि म्हणाली, "आई, आतून अंधारून येतंय. कोणी खिडक्या लावून घेतल्यासारखं. पारदर्शक कडेचे आणू या का?"

आणले. तेच साहेब पुढच्या वर्गात तळाशी बसून खुशीत अंगठा दाखवू लागले. आमच्यात अंगठा म्हणजे "वर चला", आणि सगळे ठीक असेल तर बोटांचा गोल करायचा असतो. त्यामुळे बिचाऱ्यांना मी उगाचच दोनदा वर आणले.

ही सून आधी माझी विद्यार्थिनी. पहिल्याच दिवशी तोंड पाण्यात घातले, ताडकन वर आली आणि म्हणाली, "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, बाई." वाटले, गेली घरी. ती कुठली जाते! सगळ्यांचे मास्क गोड्या पाण्याच्या हौदात धुवायला बसली. का, ते मला पुढे कळले. आमचे चिरंजीव त्या हौदापाशी जरा जास्तच घोटाळत होते. पाण्यात पटाईत पोरगा, तिच्यापुढे मात्र गटांगळ्या खात होता.

तेव्हापासून खोली तिच्या हाती आहे. नवा माणूस आला की ती त्याला खुर्चीवर बसवते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला धर, नाकाने श्वास आत घे, आता हात सोड. मास्क राहिला तर तो तुझा, पडला तर दुसरा बघू. घाई नाही. एवढ्यात माणूस निम्मा शांत होतो. हवा भरून तरंगायची जाकिटे तिने सगळी एकाच बनावटीची घ्यायला लावली, म्हणजे हवा भरायचे बटण प्रत्येकाचे त्याच जागी येते आणि घाबरलेल्याला चाचपडावे लागत नाही. पायांत घालायच्या फिन्स आखूड आणि मऊ, नाहीतर पोटऱ्यांत गोळे येतात. हे सगळे मीच तिला शिकवले असे मी चारचौघांत सांगते. निम्मे तिने मला शिकवले आहे.

कलम ६. किल्लीला एक अट. टाकीतली हवा तोंडाशी आणून देणाऱ्या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात. आमच्या खोलीचा नियम असा की नवशिक्याच्या तोंडी जो रेग्युलेटर द्यायचा, त्यातून निवडणाऱ्याने आधी स्वतः पाण्याखाली श्वास घेतलेला हवा. आजवर ते मी करत आले. सून अजून खांद्याएवढ्या पाण्यापलीकडे गेलेली नाही. ती ज्या दिवशी उथळ भागाच्या तळाशी बसून श्वास घेईल, त्या दिवशी किल्ली तिची. तोवर मुलाकडे. ती कधीच उतरली नाही, तर मुलगा सफरींत रमेल आणि वर्ग बंद पडेल, हे मला दिसते आहे. पोरी, तुला भिववायला लिहिलेले नाही. तू नसलेली ती खोली मला बघवणार नाही, म्हणून लिहिले.

कलम ७. वरचे कलम ६ रद्द. खोडले आहे तिथे दोन्ही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत.

झाले असे. सह्यांसाठी आज सकाळी सगळे खोलीत जमले आणि तेवढ्यात विक्रेत्याकडून नव्या रेग्युलेटरचा नमुना आला. सवयीने मी पाण्यात उतरायला टॉवेल उचलला. डॉक्टरीणबाईंनी तो हातातून काढून घेतला. मुलगा म्हणाला, "मी बघतो." मी म्हटले, "तू राहू दे. तू बागेच्या नळीतूनसुद्धा श्वास घेशील." मग सून म्हणाली, "आई, मी बघते." अटीचे तिला काही माहीत नव्हते. कागद माझ्या मांडीखाली होता.

मी तलावाच्या पायरीवर पाय सोडून बसले आणि तिचा हात धरला. मुलगा पाण्यात तिच्या शेजारी. शिट्टीमास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली, हे मी प्रथमच पाहिले. ती खाली गेली. माझ्या हातात तिची नखे रुतली होती. ओरडावेसे वाटले, ओरडले नाही. बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले, मग एका लयीत येऊ लागले. आणि तिने माझा हात सोडला. पाण्यातून बोटांचा गोल वर आला. मी सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची लाज वाटत नाही.

ती वर आली. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. तिने तोंडातला रेग्युलेटर काढला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आई, हा ओढायला जड आहे. घाबरलेल्या माणसाला नाही जमायचं. परत पाठवा."

मुलगा तिच्या पाठीवरची टाकी उतरवत होता. त्याने तो रेग्युलेटर तोंडात धरला, पाण्यात बुडी मारून आला आणि म्हणाला, "मला तर काहीच जाणवलं नाही गं, आई." मग माझ्याकडे बघून हसला. कलम ५ त्याला वाचून दाखवायची गरज उरली नाही.

नमुना परत पाठवला आहे. किल्ली माझ्या पश्चात द्यायची ठरली होती, ती मी आताच तिच्या ओल्या हातात दिली. कलम ५ मधला तेवढा बदल वकीलबाईंनी नोंदवून घ्यावा. बाकी सारे मी गेल्यावर, सावकाशीने.

लिहून देणार: सही, नवशिक्यांच्या बाई

साक्षीदार पहिले: शिट्टीमास्तर. सही केली. वजने उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. सही केली. बाई पाण्यात फक्त घोट्यापर्यंत होत्या, मी स्वतः पाहिले.

स्थळ: उपकरणांची खोली.

दिनांक: आकडा वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे. माझ्या लेखी, सून तळाशी बसली तो दिवस.