आग्रह आणि पंधराशे मीटर

ती. तात्यासाहेबांना गुणवंतचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे, बाकीचं पत्र रागात आहे.) तुमची पाठ आता बरी आहे का? वहिनींचा खोकला? आमच्याकडे तुमची धाकटी बहीण कुमुद ठणठणीत आहे. मी कसा आहे ते पुढे कळेलच.

दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात फ्लॅट घेतला आणि शेजारी आली हिवोत. वय एकोणीस, गाव इथिओपियाच्या डोंगरात, बाप नाही, आई जव पिकवते. शाळा लांब म्हणून पोर धावत जायची. तशीच धावत जिल्ह्यात पहिली आली, मग राजधानीत. आमच्या सेक्टरात शेतं जाऊन एक काचेचं कॉलेज उभं राहिलंय. त्यांना जाहिरातीसाठी पदकं हवीत, म्हणून तिला फुकट सीट देऊन आणलं. तिची शर्यत पंधराशे मीटरची (सुसाट पळावं तर दम संपतो, दम राखावा तर बाकीच्या पुढे जातात, मला आमच्या प्रमोशनची आठवण झाली). जिंकली तर उन्हाळ्यात युरोपात धावायला पाठवणार, हरली तर सीट काढून घरी.

हे ऐकून कुमुदच्या पोटात तुटलं. शर्यतीच्या आदल्याच दिवशी तिला जेवायला बोलावलं आणि केल्या पुरणपोळ्या. दुसऱ्या पोळीला मुलगी नको म्हणाली. पण आपल्यात पहिल्या 'नको'वर कोण विश्वास ठेवतं? (तुमच्याकडे चौथ्यावरही ठेवत नाहीत, दिवाळसणाला मी ते भोगलंय.) शेवटी कुमुदने मायेने घास तोंडाशी नेला. नंतर कळलं, तिच्या देशात हाताने भरवलेला घास नाकारणं म्हणजे भरवणाऱ्याचा अपमान. संस्कारी पोर, भरवलं तितकं खात गेली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावर पोट धरून चालू लागली.

तिचा कोच पानिपतचा (त्यामुळे आमचं काय झालं ते त्याच्यासमोर नेमक्या शब्दांत सांगताही येईना). दारात येऊन म्हणाला, "आंटीजी, एक मौका और मिला है. तब तक लड़की को कुछ मत खिलाना." तर तुमची बहीण मला म्हणते, "बघा, मेला पोरीला उपाशी ठेवतोय." तेव्हापासून रोज शिरा, रोज श्रीखंड. मी बोललो की मी निर्दयी. आणि सोसायटीत 'हरवानेवाले अंकल' कोण, तर मी. काल पोर जिन्यात डोळे पुसत होती. "अंकल, आंटी को ना कैसे बोलूँ?" मला गलबलून आलं हो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गुणवंत

ता. क. दुसरी शर्यत महिनाअखेरच्या रविवारी आहे. कृपा करून त्या आठवड्यात आजारी पडा आणि बहिणीला पुण्याला बोलावून घ्या. फार नको, ती निघेल इतपतच.

आणखी एक. मलाही बोलवा. आज वरणभाताला हिवोत नको म्हणाली, तेव्हा "एवढंसंच" म्हणत तूप वाढणारा मी होतो.