ओलाव्याचं मीटर

रिठद,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुचा,

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून लिहिते आहे. घरी सगळे बरे. आईचा गुडघा तसाच. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे.

नेमीचंदकाकांनी बाजार समितीच्या दारातला त्यांचा गाळा आपण दोघी काढणार असलेल्या धान्य-तपासणी प्रयोगशाळेसाठी देऊ केलाय. पुण्याची नोकरी सोडून येऊ का, असं तू विचारलंस. उत्तराला उशीर झाला.

समितीत धान्याचा ओलावा मोजायचं मीटर माझ्याकडे असतं. ते दोन टक्के जास्त दाखवायचं. तसं लावलेलंच होतं. ओलावा जास्त म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांतली कपात जास्त, आणि कपातीतला वाटा वरपर्यंत. शेतकऱ्यांना हे ठाऊक, म्हणून ते माल नीट वाळवतच नाहीत. व्यापाऱ्यांना तेही ठाऊक. तरी आवक वाढते आहे, नवीन शेड उभी राहते आहे.

दिवाळीनंतर मी मीटर बरोबर लावलं. कपात घटली. दुपारी सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून भाव पाडला. दुसऱ्या दिवशी मालाच्या गाड्या परस्पर दुसऱ्या बाजारात गेल्या. रतनसिंग हमाल म्हणाला, "म्याडम, तुमच्या मशिनीनं आमाले सुट्टी देल्ली. आता चहा तरी पाजा."

सभापती रागावले नाहीत. "तुमचं बरोबर आहे," म्हणाले, आणि शेतकऱ्यांना बोलावलं. त्यांच्या वतीनं बोलायला उठले ते माझे बाबा.

"पोरी, जुनंच राहू दे. कायले सुधरून राह्यली?"

"बाबा, ते मीटर चोरी करते."

"करते ना! आमाले मालूम आहे. पण ते ठरलेली चोरी आहे. तुह्या खऱ्याचा आमाले अंदाजच येत नाही."

सगळे हसले. मी तिथेच, त्यांच्यासमोर, मीटर पुन्हा दोन टक्क्यांनी चुकवलं. आधी ते कोणी लावलं होतं, माहीत नाही. आता ते मी लावलेलं आहे.

यार्डात सध्या पाय ठेवायला जागा नाही. मला नोकरीत कायम केलं. बाबांनी पेढे वाटले.

असलं काही फार दिवस टिकत नाही, असं आपण कॉलेजात म्हणायचो. टिकतं, रुचा. वाढतंसुद्धा. आपली प्रयोगशाळाही इथे अशीच उत्तम चालेल. म्हणून येऊ नकोस.

गाळा लहान पडतो, असं मी काकांना सांगते. तो पुरेसा आहे.

आता इथलीच,
निकिता