आठव्या पानातला बदल

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमीच्या पुस्तकाची आठही कच्ची चित्रं सोबत आहेत. पसंत असेल त्यावर खूण कर आणि कागद परत पाठव, त्यांवरच रंग चढवायचाय. तुझ्या पसंतीशिवाय मी ब्रशला हात लावणार नाही. बहीण म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून वागव, असं तूच बजावलंस, भोग आता! शेवटच्या पानावर शाळेच्या फाटकाशी चिमी, आणि तिचा हात धरलेली तू. नाक आहे तेवढंच काढलंय, उगाच भांडू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र पत्रात सफाईने गाळलंस.

लोभ असावा, बदल कमी असावेत.

तुझा,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सात पानं पसंत. अरे, पेन्सिल अजून तशीच दाबतोस की! खोडलं तरी वळ राहतात. लहानपणी माझ्या वह्यांची वाट लावलीस ती अशीच.

आठव्या पानात एक बदल. मला खोड. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, शाळा उघडेपर्यंत मी नसेन. मग पोरगी फाटकाशी माझी वाट बघत बसेल रे. ती एकटी आत जाताना दाखव, आणि रडवी नको. लवकर कर, मला बघायचंय.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

आजवर गिऱ्हाइकांनी सांगितलं म्हणून घोड्याचं गाढव केलंय, पण हा बदल माझ्याच्याने होणार नाही. हात धजत नाही गं. सात पानं रंगवतोय. आधी बरी हो, मग काय ते भांडू.

धाकटा

५ जून

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

ताई शेवटपर्यंत आठवं पान आलं का म्हणून विचारत होती, हे तुमच्या पत्रातून कळलं. मी हट्टाला पेटलो आणि ती न बघताच गेली. हे मला जन्मभर पुरेल.

मूळ कागदच शिवून पुस्तक पाठवतोय. तिने सांगितलं तसंच तिला खोडलंय. चिमी एकटी आत जातेय, हसतेय. तिच्या शेजारी तेवढा रंग भरलेला नाही, कागद कोरा ठेवलाय.

शाळेच्या पहिल्या दिवशी, निघण्याआधी चिमीला त्या कोऱ्या जागेवरून हळूच बोट फिरवायला सांगा. नाक आधी लागेल.

तुमच्या दोघांचा लोभ असू द्या.

चिमीचा मामा